माझी मान मागे वळण्याचं खरं कारण

हेइक्की रोड (सध्या बर्फाखाली),
कॅल्युमेटच्या उत्तरेला, मिशिगन.
लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीचे, उपवास सुरू व्हायच्या आधीचा आठवडा.

तीर्थरूप आयलीताईच्या चरणी धाकटा भाऊ एन्सिओ याचा उभ्या-उभ्याच नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण यंदा आमच्या दारात जो आडवा होईल तो थेट मे महिन्यात सापडेल, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घे. इकडे सर्व क्षेम आहे. क्षेम म्हणजे, स्वयंपाकघराची खिडकी अर्धी गाडली गेली आहे आणि कुत्रा अंगणातल्या ढिगावरून सरळ छपरावर जातो, धुराड्याला टेकून बसतो आणि रस्त्याने जाणाऱ्यांवर वरून भुंकतो. (त्याला आता खाली यायचंच नाही. जेवणही वरच लागतं.) तुझे गुडघे कसे आहेत? ॲरिझोनाच्या उन्हाने फरक पडला असेल तर दाजींना म्हणावं, थोडं ऊन डब्यात भरून पाठवा. त्यांनी पाठवलेली संत्री पोचली. पोस्टाच्या गाडीत ती अशी काही गोठली होती की पहिलं मला कुऱ्हाडीने फोडावं लागलं. चवीला मात्र उत्तम होतं, जेवढं सापडलं तेवढं.

आता मुद्द्याचं. इम्पी लाहतीने तुला फोन करून जे सांगितलं ते साफ खोटं आहे. म्हणजे तिने सांगितलं ते सगळं घडलं तसंच, पण तिने लावलेला अर्थ खोटा. मी या वयात, चर्चमध्ये, भर प्रवचनात, शेवटच्या बाकावर बसलेल्या सेन्या रुओनाकडे मान वळवून पहिल्या प्रार्थनेपासून शेवटच्या प्रार्थनेपर्यंत बघत होतो, हे खरं. पण त्यात माझा काडीचाही दोष नाही. दोष ट्रॅक्टरच्या अवजाराचा आहे. आता अवजाराचा आणि सेन्याचा संबंध काय असं तू विचारशील, म्हणून सगळं सुरुवातीपासून लिहितो. कॉफी घेऊन बस.

सेन्याचा नवरा वाल्फ्रिड गेल्या उन्हाळ्यात, गवत कापणीच्या दिवसांत गेला, हे तुला मी कळवलं होतं. भला माणूस, पण त्याने घरापासून रस्त्यापर्यंतची वाट जी काढली आहे ती एखाद्या शहाण्याने काढलेली नाही. मध्ये येणारं एकही स्प्रूसचं झाड तोडायचं नाही असा त्याचा हट्ट, त्यामुळे ती वाट प्रत्येक झाडाला प्रदक्षिणा घालत जाते. तो होता तोवर तोच ती साफ करायचा. अंत्यविधीनंतर त्यांचा मुलगा रँडी (मिलवॉकीला असतो, लिफ्टच्या इमारतीत, तिथे बर्फ म्हणे कोणीतरी येऊन परस्पर उचलून नेतं) सगळ्यांच्या देखत आईला म्हणाला, "आई, या हिवाळ्यात एक दिवस जरी तुझी गाडी रस्त्यापर्यंत पोचली नाही ना, तर मी ट्रेलर घेऊन येईन आणि तुला सामानासकट नेईन." सेन्याने त्याच्या कपात कॉफी ओतली आणि साखरेचं भांडं त्याच्यापासून लांब सरकवलं. आपल्यात याचा अर्थ काय होतो ते तुला माहीत आहे.

आणि आपल्यात मागायची पद्धत नाही, हेही तुला सांगायला नको. (बाबा गोठ्याच्या छपरावरून पडले तेव्हा शेजारी धावत आले, तर "पडलो नाही, उतरलो" म्हणाले होते आणि मग तीन बरगड्या मोडलेल्या असताना त्यांना कॉफी पाजून परत पाठवलं होतं.) सेन्या कोणाला म्हणणार नाही की माझी वाट साफ करून दे. म्हणून पहिला बर्फ पडला त्या सकाळी मीच गेलो. रीत पूर्वीचीच. साफ करणाऱ्याने केलं म्हणायचं नाही, जिच्या दारात चाललंय तिने पाहिलं म्हणायचं नाही. ट्रॅक्टरचा खडखडाट अर्ध्या काउंटीला ऐकू जातो, पण खिडकीतली सेन्या अशी तोंड फिरवून भांडी पुसते की जणू बाहेर एक चिमणी बसली आहे. मग मी इंजिन बंद करून झाडामागे जरा आडोशाला जातो, आणि परत येतो तर सीटवर फडक्यात गुंडाळलेला वेलदोड्याचा गरम पाव. तो कुठून आला हे विचारणं म्हणजे रानटीपणाची हद्द झाली.

सुरुवात मी बाबांच्या मागच्या पात्याने केली. तेच ते, ट्रॅक्टरच्या ढुंगणाला लावायचं, रेल्वेच्या रुळाचा तुकडा वाकवून केलेलं. बर्फ बाजूला सारायला त्याच्यासारखं अवजार नाही. फक्त त्याला एकच कळतं, बाजूला सारणं. त्या बाजूला पुन्हा बाजू असेल की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दोन्हीकडच्या भिंती पुढेपुढे येत गेल्या, आणि नाताळच्या सुमारास ती वाट इतकी चिंचोळी झाली की सेन्या गाडीचे आरसे मिटवून, स्वतःही श्वास रोखून बाहेर पडायची. तेव्हा मी अवजारं विकणाऱ्या गॉर्डीकडे गेलो. तुला आठवत नसेल, तो बोलताना कधी डोळे उघडत नाही. मी म्हटलं, बर्फ काढायला काय घ्यावं? तर डोळे मिटूनच म्हणाला, "काढाल हो. टाकणार कुठे?" मला वाटलं, हा माणूस विक्रीच्या धंद्याला नालायक आहे. मी म्हटलं, बाहेर. त्यावर त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मला ट्रॅक्टरच्या पुढे लावायची बकेट विकली.

बकेट मोठी छान. भरायची, उचलायची, न्यायची, ओतायची. मी एका जागी नीट ढीग घालायला लागलो आणि त्या ढिगाचा मला अभिमान वाटायला लागला. तो वाढला, त्याला खांदे आले, डोकं आलं, आणि एके दिवशी लक्षात आलं की तो नेमका सेन्याच्या स्वयंपाकघरातून तलाव दिसतो त्या खिडकीसमोर उभा आहे. तिने खुर्ची उचलून बैठकीच्या खिडकीशी नेली. मला वाईट वाटलं, म्हणून मी पुढचा ढीग दुसरीकडे घातला. तो बैठकीच्या खिडकीसमोर आला. तिने खुर्ची झोपायच्या खोलीत नेली. मी आणखी लांब गेलो, घराला वळसा घालून. त्यानंतरच्या सोमवारी मला दिसलं की सेन्या न्हाणीघराच्या एवढ्याशा खिडकीत, टबाच्या काठावर बसून कॉफी पिते आहे. पाव त्याही दिवशी सीटवर होता, पण वेलदोडा जरा कमी वाटला.

मग आर्वो सिप्पोला मध्ये पडला. त्याने जन्मभर काउंटीचा बर्फ लोटायचा ट्रक चालवला, त्यामुळे लोकांच्या दारात ढीग घालून ठेवण्याचा त्याला दांडगा अनुभव आहे आणि या विषयात तो स्वतःला देव समजतो. म्हणाला, "अरे, तू बर्फ उचलतोस कशाला? बर्फाला धाक पाहिजे." आणि त्याचं ते टोकदार नांगरासारखं पुढचं पातं त्याने मला जबरदस्तीने दिलं. धाक पुष्कळ होता. इतका, की पहिल्याच फेरीत बर्फ, सेन्याची टपालपेटी, तिचा खांब आणि खांबाला बांधलेली वाल्फ्रिडच्या नावाची पाटी, सगळी मंडळी एकदमच पुढच्या ढिगाऱ्यात निघून गेली. पेटी अजून सापडलेली नाही. पोस्टमन सरळ माणूस आहे, पेटी जिथे होती त्या अंदाजाने बर्फात हात कोपरापर्यंत घालतो आणि पत्र आत सोडून जातो. मे महिन्यात सेन्याला एकदम भरपूर टपाल येणार आहे.

तर अशा रीतीने, ताई, मी मागच्या ब्लोअरपर्यंत पोचलो. तुमच्या ॲरिझोनात हे यंत्र पाहिलं नसशील. ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याला जोडायचं, आतलं मळसूत्र बर्फ खातं आणि वरच्या वळत्या नळकांड्यातून तो पार झाडांच्या पलीकडे फेकून देतं. सेन्याच्या खिडक्यांपुढचे ढीगही त्यानेच खाल्ले. गॉर्डीच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं, पण तो मेला आधी सांगेल तर शपथ. यात एकच खोड. यंत्र मागे असल्यामुळे ट्रॅक्टर उलटा चालवावा लागतो. म्हणजे ट्रॅक्टरचं तोंड पुढे, माझी मान मागे, आणि अशा अवस्थेत वाल्फ्रिडच्या प्रत्येक झाडाला प्रदक्षिणा. नळकांडं कुठे वळवायचं याचाही अंदाज यावा लागतो. पहिल्या शनिवारी तो अंदाज अजून आलेला नव्हता.

शनिवारी सेन्याकडे साउना, म्हणजे अंगणातल्या लाकडी खोलीत वाफेची अंघोळ असते आणि शिवणमंडळाच्या सगळ्या बायका जमतात, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. मी उलटा येत होतो, वळणावर नळकांडं जरा फिरलं, आणि साउनाच्या पायरीवर टॉवेल गुंडाळून वाफा टाकत बसलेल्या पाच-सहा पोक्त बायकांवर मी बर्फाचा असा काही वर्षाव केला की क्षणभर पायरी नुसती पांढरी दिसली. मी इंजिन बंद करून देवाचं नाव घेतलं. तर बर्फातून इम्पीचा आवाज आला, "बंद का केलंस? जरा डावीकडे घे, हिल्दाच्या अंगावर पडलाच नाही." एरवी वाफेतून निघाल्यावर बर्फात लोळायला त्यांना खाली उतरावं लागायचं. आता शिवणमंडळाने मला दर शनिवारी यायला सांगितलं आहे. (मी तिकडे बघत नव्हतो असं इम्पीला अनेकदा सांगितलं. ती म्हणते, मान तर इकडेच होती.)

आणि हेच ते मूळ. त्या आठवड्यात तलावावरून असा बर्फ आला की थांबायचं नाव नाही. मी रोज उलटा, रोज मान उजव्या खांद्यावरून मागे. शनिवारपर्यंत सगळं ठीक होतं, आणि रविवारी सकाळी उठलो तर मान तिथेच राहिलेली. दाढी केली ती आरशाकडे पाठ करून. चर्चला गेलो. आपल्या घराचा बाक तिसरा, तिथे आपली कांगास मंडळी आजोबांपासून बसत आली आहेत, दुसरीकडे बसलो असतो तर लोकांना वाटलं असतं धर्म सोडला. बसलो. तोंड शेवटच्या बाकाकडे. तिथे, हीटरजवळ, सेन्या. आणि त्याच दिवशी पास्टरना प्रवचनाला विषय सुचावा कोणता, तर मागे वळून पाहिलं म्हणून मिठाचा खांब झालेल्या बायबलातल्या बाईचा. ते पाहत होते माझ्याकडे, मी पाहत होतो सेन्याकडे, सेन्या पाहत होती प्रार्थनेच्या पुस्तकाकडे, आणि बाकी सगळं चर्च आळीपाळीने आम्हा तिघांकडे. तुला माहीत आहे, आपले लोक लग्नाच्या बायकोकडेसुद्धा कॉफी संपेपर्यंत बघत नाहीत. अख्खं प्रवचन बघणं म्हणजे साखरपुडा झाल्यासारखंच.

खाली तळघरात कॉफीला गेलो तर दोन खुर्च्या वेगळ्या मांडून ठेवलेल्या.

"काय रे, मान कुठे विसरून आलास?" आर्वो म्हणाला.

"ब्लोअरवर."

"मग पुढे लावायचा घे की. समोर बघून चालतो. शहाणा माणूस समोर बघतो."

"तू गप रे," इम्पी म्हणाली. "पाच वर्षांनी कुठेतरी बघतोय बिचारा. बघतोय तिकडे बघू दे."

झालं. त्यावरून दोन तट पडले. मी पुढचा ब्लोअर घ्यावा असं म्हणणारे एका टेबलाशी आणि मागचाच ठेवावा म्हणणारे दुसऱ्या टेबलाशी. आता मला सांग, अवजार माझं, ट्रॅक्टर माझा, मान माझी. पण लोकांनी असं धरलं की एन्सिओने पुढचा घेतला तर त्याच्या मनात काही नव्हतं, आणि मागचा ठेवला तर आहे. पास्टरबाईंनी तर मागच्याच्या बाजूने केकसुद्धा वाढला. सेन्या या सगळ्यात नुसती कॉफी वाढत होती. मला कप द्यायचा तर तिला माझ्या पाठीमागे यावं लागलं. ती आली, कप हातात दिला, आणि साखरेचं भांडं माझ्या जवळ सरकवलं.

एक गोष्ट इथेच लिहून टाकतो, कारण फोनवर मला जमत नाही. माझी मार्टा गेल्यापासून, ही पाच वर्षं, या घरात एकच कप विसळला जातो. मला त्याची सवय झाली आहे. सवय झाली म्हणजे बरं वाटतं असं नाही. असो. ब्लोअरकडे वळतो.

त्या बुधवारी मी वाट साफ करून इंजिन बंद केलं आणि झाडामागे जायला निघालो, तर सेन्या पाव घेऊन पायरीवर उघड उघड उभी. रीत मोडून. मी झाडाकडे बघत उभा राहिलो.

"एन्सिओ," ती म्हणाली, "रँडी ईस्टरला येतोय. ट्रेलर घेऊन."

"वाट तर रोज मोकळी असते."

"वाटेचं नाही काही. फोनवर विचारत होता, साफ करतं कोण? मी म्हटलं, कोणीतरी. तर म्हणाला, कोणीतरीच्या भरवशावर मी आईला ठेवणार नाही."

ताई, इथे पुरुषासारखं काहीतरी बोलायला हवं होतं. मला ते कळत होतं. ती मिलवॉकीला लिफ्टमध्ये उभी असलेली डोळ्यांपुढे आली. शेवटी मी म्हणालो, "मागचा ब्लोअर लांब फेकतो."

सेन्याने पावावरचं फडकं नीट केलं. मग म्हणाली, "मानेला त्रास होत असेल तर पुढचा घे. मी वाईट वाटून नाही घेणार."

"नको. मागचाच बरा."

"हो," ती म्हणाली. "दिसतं मला खिडकीतून. रोज दिसतं." आणि पाव माझ्या हातात देऊन आत गेली. हातात, ताई. सीटवर नव्हे.

तर एकूण खुलासा असा. बर्फ थोडा आणि जागा भरपूर असेल तर मागचं पातं पुरे. ढीग घालायला जागा आणि खिडक्या कमी असलेलं घर असेल तर बकेट. टपाल येत नसेल तर आर्वोचा नांगर. आणि तलावाकाठी राहणाऱ्याने डोळे मिटून ब्लोअर घ्यावा, मागचा घेतल्यास मानेला गरम मिठाचा शेक द्यावा. इम्पीला तू फोनवर एवढंच सांग की भावाच्या मनात काही नाही, अवजाराचा दोष आहे. दाजींना नमस्कार, गोल्फच्या काठ्यांना आशीर्वाद. कुत्र्याला तुझं नाव सांगितलं, त्याने छपरावरून शेपूट हलवली.

तुझा, छपरावरून न पडता उतरणाऱ्या बाबांचा मुलगा,
एन्सिओ

ता. क. आईची ती अंगठी, बारीक लाल खड्याची, तुझ्याकडे आहे ना? वापरात असेल तर राहू दे. डब्यात नुसती पडून असेल तर पाठव. तिथल्या कोरड्या हवेत सोन्याला तडे जातात असं कोणीतरी म्हणत होतं. घाई मुळीच नाही. ईस्टरच्या आधी आली तर बरं, रँडीला कोणीतरी म्हणजे कोण ते दाखवायला काहीतरी हातात असावं.

ता. क. दुसरा. मान तशी त्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारीच सुटली. डॉक्टर लागला नाही, सेन्याच्या पायरीजवळ बर्फात पडलेला तवा उचलताना आपोआप. पण आता रविवारी लोक बघायची वाट बघतात, पुढचे-मागचे असे तट पडलेले आहेत, एकदम सरळ करणं बरं दिसलं नसतं. म्हणून चर्चमध्ये तेवढी ती मी वळवून बसतो. हे इम्पीला कळू देऊ नकोस.

ता. क. तिसरा. हे पत्र टाकायला निघालो तर वादळाने रस्ता बंद झाला, आणि मध्ये रविवार आला. मी नेहमीसारखा तिसऱ्या बाकावर, मान मागे. तर शेवटचा बाक रिकामा. मनात म्हटलं, रँडी आधीच येऊन घेऊन गेला. इतकं गार मला या हिवाळ्यात कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात बाजूने पावलं वाजली, सेन्या आली आणि माझ्या पुढच्या, दुसऱ्या बाकावर बसली, जिथे रुओना घराण्यातलं आजवर कोणी बसलेलं नाही. बसताना हळूच म्हणाली, "तवा उचललास तेव्हाच सुटली ती मान, मला खिडकीतून दिसलं होतं. आता पुढे बघ." मी बघितलं. पास्टर प्रवचनाचा कागद विसरले. सोमवारी गॉर्डीकडे जाऊन मी पुढच्या ब्लोअरची चौकशी करून आलो. त्याने दोन्ही डोळे उघडले. अंगठीची घाई नाही असं वर लिहिलंय, ताई, ते खोडलेलं समज.